प्रोटेक्टर असूनही मोटर जळते? या चुका टाळा

बेळगाव, निपाणी, खानापूर, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात ‘प्रोटेक्टर’ मागा, समोर चार वेगळ्या वस्तू येतील. शब्द मूळचा लॅटिन, अर्थ रक्षणकर्ता. 1653 मध्ये ऑलिव्हर क्रॉमवेल इंग्लंडचा ‘लॉर्ड प्रोटेक्टर’ झाला. आज मोबाईलच्या काचेपासून मोटरच्या पेटीपर्यंत तेच नाव चालतं. म्हणून दुकानदाराला आधी विचारा: हा कशापासून वाचवतो?

सगळ्यात जास्त नुकसान उसाच्या शेतात होतं. चालू थ्री फेज मोटरचा एक फेज (विजेच्या तीन तारांपैकी एक) गेला तरी ती थांबत नाही, उरलेल्या दोन फेजवर ओढत राहते. करंट पावणेदोन पटीच्या आसपास जातो, आवाज जड येतो आणि थोड्याच वेळात वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) जळतं. यासाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटर बंद करणारा, लागतो. तो पुष्कळ पेट्यांत असतोही, पण ‘सारखा ट्रिप मारतो’ म्हणून बायपास केलेला, म्हणजे तार थेट जोडून टाळलेला, असतो. हे कृपा करून करू नका. तो ट्रिप मारतोय म्हणजे बहुधा कुठंतरी फेज तुटतोय. मेन बंद करून फ्यूज आणि कॉन्टॅक्टरचे (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) पॉइंट वायरमनकडून तपासून घ्या. दोष डीपीवर वाटला तर हेस्कॉम या वीज कंपनीच्या लाइनमनला बोलवा, स्वतः हात घालू नका.

ओव्हरलोड रिलेची (करंट जास्त झाला की मोटर बंद करणाऱ्या भागाची) डायल वाढवून ठेवणं हीसुद्धा तशीच खोड. मोटरच्या पाटीवर 8 अँपिअर लिहिलं असेल तर साध्या डीओएल स्टार्टरमध्ये (मोटर थेट लाइनवर चालू करणाऱ्या) डायल 8 वरच हवी. 12 वर फिरवली की रिले असून नसल्यासारखा.

एप्रिल-मेमध्ये बोअरचं पाणी खाली जातं. सबमर्सिबल मोटर पाण्यानेच थंड राहते, त्यामुळे कोरडी फिरली की तापून बिघडते. तेव्हा करंट उलट कमी होतो, म्हणून ओव्हरलोड रिलेला काही कळत नाही. त्यासाठी ड्राय रनची, म्हणजे पाणी संपलं की मोटर बंद करायची, सोय वेगळी घ्यावी लागते.

घरात टीव्हीसाठी सर्ज प्रोटेक्टर (अचानक उसळलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारा) घेतलात तर आधी अर्थिंग बघा. ते धड नसेल तर वळवाच्या विजांत त्याचा फारसा उपयोग नाही. जवळच वीज पडली तर तोही पुरत नाही. गडगडाट सुरू व्हायच्या आधीच प्लग काढून ठेवा. सर्ज प्रोटेक्टरचा आतला भाग धक्के खाऊन झिजतो, तेव्हा त्याचा संरक्षणाचा दिवा विझला की नवा आणा.

आणि एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) वायरिंग वाचवतो, माणसाला नाही. शॉक लागला तर पुरवठा तोडायला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) बसवा, आणि त्याचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून बघत जा.