अंबरनाथ आणि लोनाड: एका दिवसात शिलाहारांची देवळं कशी बघायची

शिलाहार म्हणजे मध्ययुगात कोकणावर राज्य केलेलं राजघराणं. त्यांची देवळं बघायला ठाण्यातून निघणार असाल तर आधी अंबरनाथ आणि मगच भिवंडी तालुक्यातलं लोनाड गाव, हा क्रम बदलू नका. अंबरनाथचं शिवमंदिर शके 982 म्हणजे 1060 सालचं, शिखराचा वरचा भाग पडलाय पण बाकी बरंचसं उभं आहे, त्यामुळे कुठला दगड कुठे बसतो हे तिथे डोळ्यांत भरून घेता येतं. मंडप, अंतराळ (मंडप आणि गर्भगृह यांच्यामधली जागा), पायऱ्या उतरून खाली असलेलं गर्भगृह, उंबऱ्यावरचं कीर्तिमुख (कोरलेला राक्षसी चेहरा), एकेकाचे फोटो काढून ठेवा, दुपारी लोनाडच्या पडक्या देवळाचे दगड ओळखायला लागतात.

सकाळची लवकरची लोकल पकडा, पूर्वेला उतरा. महाशिवरात्री टाळा, गर्दीत शिल्पं दिसतच नाहीत. पावसाळ्यातही नको, गवतात साप असतात. दिवाळी ते फेब्रुवारी बेस्ट.

मग कल्याणला येऊन लोनाडसाठी रिक्षा करा, जाऊन-येऊन ठरवा. गावातला माहीतगार माणूस आदल्या दिवशीच कुणाच्या ओळखीने गाठा, पैसे किती ते मोकळेपणाने आधी बोला, आणि त्यांना फक्त "देऊळ दाखवा" असं म्हणू नका तर "शेंदूर लावलेले दगड कुठे कुठे आहेत, बांधावर काही कोरीव आहे का" असं विचारा. आम्हाला ज्या काकांनी फिरवलं ते देवळाच्या पडक्या भागातून थेट एका झाडाखाली घेऊन गेले, तिथे अर्धा मातीत गेलेला एक खांब होता, काकांनी तळहाताने माती झटकली आणि सकाळी अंबरनाथला बघितलेली तीच नक्षीची पट्टी खाली निघाली. अंगावर काटाच आला!

गधेगाळ, म्हणजे गाढवाची शिवी कोरलेला दानाचा दगड, कुठे आहे तेही विचारा. या भागात चौधरपाड्याला शिलाहार राजा केशिदेवाचा शके 1161 चा, म्हणजे 1239-40 चा असा लेख मिळाला. वर चंद्र-सूर्य, मध्ये अक्षरं, खाली गाढव आणि बाई. दान मोडणाऱ्याला दिलेली ती शिवी आहे, म्हणून गावात कुणी लाजून सांगायचं टाळलं तर जोर करू नका. अक्षरं वाचायला खडू, तेल काही फासू नका प्लीज, दगड खराब होतो, मोबाईलचा टॉर्च बाजूने तिरका धरा, झिजलेलं अक्षरही उठून दिसतं. उन्हं कलल्यावर तर टॉर्चही लागत नाही, त्यामुळे चारपर्यंत थांबा.

पाणी आणि डबा घरूनच न्या. सुटा दगड कितीही छोटा असो, उचलून आणू नका, जागा बदलली की तो कुठल्या भागाचा होता हे कायमचं हरवतं.