कुणी बघत नाहीये, हे धरून लिहा

जाहिरातीत नव्यानं आलेली मुलं सुरुवातीला जे लेआउट (जाहिरातीची मांडणी) घेऊन येतात, ते बहुधा एकाच साच्यातले असतात. भडक लाल किंवा पिवळी पार्श्वभूमी, पानभर हेडलाइन, तिच्या शेपटीला तीन उद्गारचिन्हं आणि कोपऱ्यात 'नवीन' लिहिलेली चांदणी. लक्ष वेधायचं म्हणजे आवाज चढवायचा, असा पक्का समज. मी बरीच वर्षं कॉपीरायटर (जाहिरातीचा मजकूर लिहिणारा) आहे आणि आता माझा निम्मा दिवस या मुलांचं काम तपासण्यात जातो. टेबलावर तुकड्या-तुकड्यांत जे बोलतो, तेच इथे सलग लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवून घ्या: तुमच्या जाहिरातीची कुणी वाट बघत बसलेलं नाही. एजन्सीत राहून हे विसरायला होतं. आपण ब्रीफ (क्लायंटनं दिलेली कामाची माहिती) वाचतो, वस्तू हाताळतो, हेडलाइनवर भांडतो. मग क्लायंटच्या मीटिंगमध्ये दिवे मंद करून, मोठ्या पडद्यावर, सगळ्यांना गप्प बसवून ती जाहिरात दाखवली जाते. बाहेर पडल्यावर तिला असा मान पुन्हा कधीच मिळत नाही. तिथे समोरच्याला बातमी वाचायची असते, रस्ता ओलांडायचा असतो, मेसेजला उत्तर द्यायचं असतं.

आणि कामात गुंतलेल्या माणसाला समोरचं किती दिसत नाही, हे पटत नसेल तर डॅनियल सायमन्स आणि क्रिस्तोफर शाब्री या मानसशास्त्रज्ञांचा १९९९ सालचा प्रयोग आठवा. लोकांना एक व्हिडिओ दाखवून पांढऱ्या कपड्यांतले खेळाडू चेंडू किती वेळा एकमेकांकडे टाकतात ते मोजायला सांगितलं. मधेच गोरिलाच्या वेशातला एक माणूस आला, छाती बडवली आणि निघून गेला. साधारण निम्म्या लोकांना तो दिसलाच नाही. ही माणसं डोळे उघडे ठेवून, पडद्याकडेच बघत होती. तुमच्या कोपऱ्यातल्या चांदणीची काय कथा?

त्याच्याही आधी आल्फ्रेड यार्बस या रशियन संशोधकानं दाखवून दिलं होतं की, एकच चित्र बघताना माणसाची नजर कुठे कुठे फिरते, हे त्याला कोणता प्रश्न विचारलाय यावर ठरतं. माणसांची वयं विचारली तर नजर चेहऱ्यांवर, परिस्थिती विचारली तर कपड्यांवर आणि सामानावर. म्हणून हेडलाइन लिहायला बसण्याआधी एवढं विचारा: ही जाहिरात समोर येईल तेव्हा तो माणूस काय करत असेल? ब्रीफबरोबर मीडिया प्लॅनही, म्हणजे जाहिरात कुठे कुठे दिसणार याचा आराखडा, मागून घ्या. सर्व्हिसिंगवाले (क्लायंट सांभाळणारे) 'नंतर देतो' म्हणतील, तरी मागा. होर्डिंगवरची ओळ गाडी चालवणारा वाचणार असेल तर सहा-सात शब्दांपुढे जाऊ नका. थांब्यावर ताटकळणाऱ्यासाठी असेल तर परिच्छेद लिहिलात तरी चालेल, तो वाचेल, त्याला वेळ आहे.

आता रंग आणि आकाराबद्दल. हेडविग फॉन रेस्टॉर्फ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९३३ साली सारख्या गोष्टींच्या यादीत एकच वेगळी गोष्ट ठेवली, तर तीच जास्त लक्षात राहते असं मांडलं. यातून बरेच जण 'भडक करा' एवढंच उचलतात. पण वेगळेपणा वस्तूत नसतो, तो तिच्या शेजारच्यांवर ठरतो. सगळे ओरडत असतील तर कुजबुजणारा वेगळा. १९५९ मध्ये डॉइल डेन बर्नबाख या एजन्सीनं फोक्सवॅगन बीटलसाठी केलेली जाहिरात या धंद्यात प्रत्येकाला दाखवली जाते. आर्ट डायरेक्टर (चित्र आणि मांडणी बघणारा) हेल्मुट क्रोन, कॉपीरायटर ज्युलियन कोनिग. त्या काळात अमेरिकेतल्या मोटारींच्या जाहिराती म्हणजे पानभर पसरलेल्या, चकचकीत, लांबलचक गाड्या. यांनी पान जवळजवळ कोरं ठेवलं आणि एका कोपऱ्याकडे इवलीशी गाडी. हेडलाइनही तशीच: 'छोटा विचार करा'. त्या मासिकाची पानं उलटणाऱ्याचा हात तिथे थांबला असेल तर तो शेजारच्या पानांमुळे.

म्हणून लेआउट कधीही कोऱ्या स्क्रीनवर तपासू नका. ज्या फीडमध्ये किंवा पानात तो येणार आहे, त्याचा खरा स्क्रीनशॉट घ्या, त्यात आपलं काम चिकटवा आणि मग बघा. मोबाइलसाठी असेल तर मोबाइलवरच, अंगठ्यानं सरकवत. पाचातले चार लेआउट इथेच मरतात, आणि ते तुमच्या टेबलावर मेलेले बरे. (रिकामी जागा ठेवलीत की 'लोगो जरा मोठा करू या' हे वाक्य येणार. चिडू नका. जागा रिकामी का आहे, ते त्याच स्क्रीनशॉटवर दाखवा. पुष्कळदा पटतं. कधीकधी लोगो मोठा होतो.)

नजर थांबवणं हे खरं तर कामाचं पहिलं पाऊल. ती थांबलेली नजर वस्तूपर्यंत न्यायची कशी, यात खरी कसोटी आहे. एक काम जरा जवळून दाखवतो. वस्तू होती दार ओढलं की आपोआप लागणारं कुलूप. टीममधल्या एका मुलीनं आधी लिहिलं, 'सुरक्षेची नवी व्याख्या'. अशी ओळ लिहून झाली की एक चाचणी करायची: वस्तू बदलून बघायची. हीच ओळ हेल्मेटला चालते, विम्याला चालते, अँटिव्हायरसलाही चालते. मग ती कुलपाची नव्हेच. दुसरी ओळ आली, 'दार ओढा, निश्चिंत व्हा'. बरी होती, वस्तू काय करते ते निदान कळत होतं. पण ती कुलूप घ्यायला आधीच निघालेल्या माणसासाठी होती. ज्याच्या डोक्यात कुलूप नाहीच, तो कशाला थांबेल? दोन दिवसांनी ती आली ती ही ओळ घेऊन: 'निघताना कुलूप लावलं होतं ना?'

वाचल्याबरोबर खोलीतल्या एकानं खरोखरच आठवायला सुरुवात केली. या ओळीत विशेषण नाही, वस्तूचं नाव नाही. माणसाच्या डोक्यात आधीपासून जी काळजी असते तिलाच हात घातलाय. नेव्हिल मोरे यांनी १९५९ साली एक प्रयोग केला होता. लोकांना दोन कानांत दोन वेगळे मजकूर ऐकवले आणि एकाच कानाकडे पूर्ण लक्ष द्यायला सांगितलं. दुसऱ्या कानातलं बहुतेकांना काहीच सांगता येईना, पण तिथे त्यांचं स्वतःचं नाव उच्चारलं गेलं तेव्हा साधारण एक तृतीयांश लोकांना ते ऐकू आलं. आपल्याला प्रत्येकाचं नाव घेता येत नाही. पण ज्याची त्याची काळजी, खोड, सवय यांचा उल्लेख पुष्कळदा तेच काम करतो.

त्याच कुलपाच्या व्हिज्युअलला मात्र उलटा अनुभव आला. आर्ट डायरेक्टरनं उंबऱ्यात बसलेला सिंह काढला होता. देखणा सिंह, ऑफिसात येता-जाता सगळे थांबून बघायचे. आम्ही तो इतर विभागांतल्या काही जणांना दाखवला आणि दुसऱ्या दिवशी विचारलं. सिंह सगळ्यांना आठवत होता. कुलूप क्वचितच कुणाला आठवलं, एकानं तर ती प्राणिसंग्रहालयाची जाहिरात ठरवून टाकली. धंद्यात याला व्हॅम्पायर इफेक्ट म्हणतात, लक्ष वेधायला आणलेली गोष्टच वस्तूचं रक्त पिऊन टाकते. प्रसिद्ध चेहरा घेतला की हा धोका सर्वात मोठा. सिंह गेला. त्याच्या जागी अर्ध्या जिन्यात थबकून वर बघणारी एक बाई आली, आणि तिची नजर जिथे जाते तिथे दार आणि कुलूप. चित्रातला माणूस जिकडे बघतो तिकडे आपणही बघतो, ही साधी युक्ती वर्षानुवर्षं चालत आली आहे आणि अजून बोथट झालेली नाही. मॉडेल कॅमेऱ्याकडे बघत असेल तर लोक मॉडेलकडेच बघत राहतात.

ओळ सुचत नसेल तर छताकडे बघत बसू नका, वस्तूचे कागद वाचा. रोल्स-रॉइससाठी डेव्हिड ओगिल्व्ही या नामवंत जाहिरातकाराची १९५८ सालची हेडलाइन, 'ताशी ६० मैल वेगात गाडीतला सगळ्यात मोठा आवाज घड्याळाचा असतो', ही त्याच्या कल्पनेतून आली नव्हती. गाडीबद्दलच्या तांत्रिक मजकुरात ती त्याला सापडली होती. त्या कामासाठी आपण २६ हेडलाइन लिहिल्या होत्या, असंही तो सांगत असे. नवीन मुलं तीन लिहून थांबतात.

डिजिटलला जाणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. ऑक्टोबर १९९४ मध्ये हॉटवायर्ड या संकेतस्थळावर एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीचा बॅनर (पानावरची पट्टीसारखी जाहिरात) झळकला. तो पाहणाऱ्या शंभरातल्या चाळीसहून अधिक जणांनी त्यावर क्लिक केलं, असं सांगितलं जातं. आज साध्या बॅनरला शंभरात एक क्लिक मिळाला तरी लोक पार्टी मागतील. १९९८ पर्यंत संशोधकांनी 'बॅनर ब्लाइंडनेस' असं नाव देऊन टाकलं होतं: जाहिरातीसारखं दिसलं की डोळा आपोआप वगळतो. गंमत म्हणजे बॅनर जितका ठळक, तितका तो जाहिरात म्हणून लवकर ओळखू येतो. शिवाय 'इम्प्रेशन'च्या (जाहिरात किती वेळा दाखवली गेली याच्या) आकड्यांनी हुरळून जाऊ नका. प्रचलित निकषानुसार डिस्प्ले जाहिरातीचा निम्मा भाग सलग एक सेकंद पडद्यावर आला की ती 'दिसण्याजोगी' मानली जाते. बघितली असा त्याचा अर्थ होत नाही.

व्हिडिओचंही तेच. यूट्यूबनं २०१० मध्ये वगळता येणाऱ्या जाहिराती आणल्या आणि पाच सेकंदांचं राज्य सुरू झालं. टीव्हीसाठी लिहिलेल्या गोष्टीत कळीचा क्षण शेवटी असतो. तीच फिल्म इथे टाकली तर तो क्षण कुणापर्यंत पोचत नाही. आवाज बंद ठेवून पहिली पाच सेकंदं बघा. काय विकायचंय ते कळत नसेल, निदान पुढे काय होईल हा प्रश्नही पडत नसेल, तर एडिट पुन्हा.

वारंवारतेबद्दल फार लांबण लावत नाही. रॉबर्ट झायोंकनं १९६८ साली दाखवलं की, नुसतं पुन्हा पुन्हा समोर आल्यानंही एखादी गोष्ट आवडू लागते. त्यामुळे दर मोहिमेत रंग, अक्षर, सूर बदलण्याचा मोह आवरा. तुम्हाला कंटाळा येतो तेव्हा ग्राहकाला जेमतेम ओळख पटायला लागलेली असते. पण एकच व्हिडिओ एकाच माणसाला दिवसातून दहादा दाखवणं ही वेगळी गोष्ट आहे, तिला छळ म्हणतात.

मुलाखतीत कुणीतरी हमखास 'अवचेतन मनावर मारा' हा विषय काढतो. १९५७ मध्ये जेम्स विकेरी नावाच्या गृहस्थानं दावा केला की, सिनेमा चालू असताना क्षणभर चमकवलेल्या छुप्या संदेशांनी विक्री वाढली. १९६२ साली त्यानं स्वतःच तो बनाव असल्याचं मान्य केलं. हा किस्सा माहीत असू द्या, त्यावर करिअर उभं करू नका. जाहिरात बंद करायच्या खोट्या फुलीचं बटण, सिस्टीमच्या सूचनेसारखी दिसणारी जाहिरात, कधीच न संपणारी 'शेवटची दहा मिनिटं' हे प्रकारही त्याच जातीचे. क्लिक मिळतात, ते चिडलेल्या माणसाचे असतात. अती झालं की समाजही उठतो: ब्राझीलमधल्या साओ पाउलो शहरानं २००७ मध्ये होर्डिंग काढूनच टाकायला लावले.

नोकरी मागताना दाखवायच्या पोर्टफोलिओत (आपल्या कामांच्या संचात) पाच-सहा कामं पुरेत. खोट्या ब्रँडपेक्षा खऱ्या, कंटाळवाण्या वस्तू घ्या: पाइप, बॅटरी, झाडू. प्रत्येक कामाखाली दोन ओळींत लिहा की हे कोण, कुठे, काय करताना बघणार आहे. आणि टाकून दिलेल्या हेडलाइनचं पानही जोडा. मी मुलाखत घेतो तेव्हा आधी तेच पान मागतो.