तिकीट देणारे मतदार: न्यू जर्सीच्या प्रायमरीत मदतीला येणाऱ्यांसाठी

२०२४ साली गुढीपाडवा ९ एप्रिलला, मंगळवारी आला. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या आमच्या मराठी मंडळाने कार्यक्रम सगळ्यांच्या सोयीने रविवारी, १४ तारखेला ठेवला. हॉलच्या दाराशी मी पहिल्यांदाच मतदार-मदतीचं टेबल मांडून बसले होते. श्रीखंडाची वाटी हातात घेऊन एक काका आले. जूनच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या प्राथमिक निवडणुकीत, कोणाला मत द्यायचं हे त्यांचं पक्कं ठरलेलं होतं, फक्त कुठे जायचं एवढं विचारायचं होतं. त्यांच्याच फोनवर राज्याच्या मतदार पोर्टलवर त्यांची नोंद उघडली, तर ते नेमके दुसऱ्या पक्षात नोंदलेले, म्हणजे पक्ष बदलल्याशिवाय तसं मत देताच येणार नव्हतं. नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा भरलेल्या अर्जात त्यांनी एका चौकटीत खूण केली होती आणि ते विसरूनही गेले होते. पक्ष बदलायची शेवटची तारीख होती १० एप्रिल. चार दिवस उलटून गेले होते.

"बरं, मग नोव्हेंबरात बघू," एवढंच म्हणून काका आत गेले. मला ते फार लागलं. तारीख मला माहीत होती, टेबल मात्र मी मंडळाच्या सोयीने मांडलं होतं. या कामात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी ही गोष्ट सांगते, कारण प्रायमरीची मदत म्हणजे मतदानाच्या दिवसाची धावपळ असं बहुतेकांना वाटतं. खरं काम दोन महिने आधीच संपलेलं असतं, नाहीतर हुकलेलं असतं.

आता प्रायमरी म्हणजे काय, हे आपल्या माणसांना समजावताना मी एकच शब्द वापरते: तिकीट. आपल्याकडे तिकीट कोणाला द्यायचं ते पक्ष ठरवतो. एबी फॉर्म कोणाच्या हातात पडला, यावर अर्ज भरायच्या शेवटच्या तासापर्यंत चर्चा चालते आणि मतदार ती बातम्यांत बघत बसतो. इथे ते तिकीट मतदार देतात. जूनमध्ये प्रत्येक पक्षाचे मतदार आपापला उमेदवार निवडतात आणि नोव्हेंबरात ते उमेदवार समोरासमोर येतात. एवढं सांगितलं की साठी ओलांडलेल्या माणसाच्याही लगेच लक्षात येतं. पुढचं वाक्यही सांगायला विसरू नका: ज्या गावात एकाच पक्षाचा जोर आहे, तिथला निकाल बहुतेक वेळा जूनमध्येच लागलेला असतो. नोव्हेंबरात रांगेत उभं राहणारी आपली कितीतरी माणसं जूनमध्ये घरी बसतात, आणि हेच मला मनापासून बदलायचं आहे.

न्यू जर्सीत प्रायमरी बंदिस्त आहे. एका पक्षात नोंदलेल्याला दुसऱ्या पक्षाच्या प्रायमरीत मत देता येत नाही. पक्ष बदलायचा तर निवडणुकीच्या ५५ दिवस आधी अर्ज पोचला पाहिजे. जो कुठल्याच पक्षात नाही, म्हणजे अनअफिलिएटेड आहे, तो मात्र थेट मतदान केंद्रावर जाऊन त्याच दिवशी पक्ष सांगून मत देऊ शकतो. त्यानंतर त्याची नोंद त्या पक्षात होते. नावच नोंदवलेलं नसेल तर २१ दिवस आधीपर्यंत मुदत असते. २०२५ ची प्रायमरी १० जूनला होती, म्हणजे पक्ष बदलायला १६ एप्रिल आणि नाव नोंदवायला २० मे. २०२६ ची २ जूनला, म्हणजे ८ एप्रिल आणि १२ मे. पाडवा २०२५ मध्ये ३० मार्चला होता, २०२६ मध्ये १९ मार्चला. टेबल पाडव्याच्याच आठवड्यात लावा, सोयीचा रविवार शोधत बसू नका.

टेबलावर पहिला प्रश्न "तुम्ही कुठल्या पक्षाचे?" असा विचारू नका. माणसं बिचकतात आणि "आम्ही कुठल्याच पक्षाचे नाही हो" असं म्हणतात, काकाही तेच म्हणाले असते. "तुमची नोंद काय आहे ते बघूया का?" असं विचारा. नोंद त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच हाताने उघडू द्या. जन्मतारीख, लायसन्सचा नंबर तुमच्या वहीत उतरवून घेऊ नका.

त्याच्याही आधीचा एक प्रश्न आहे, आणि तो नाजूक आहे: तुम्ही नागरिक आहात ना? आपल्या मंडळात ग्रीन कार्डवाले, एच-१बी वाले, मुलांकडे आलेले आईवडील असे सगळेच असतात. ग्रीन कार्डवाल्याने मतदार म्हणून नाव नोंदवलं, तर पुढे नागरिकत्वाचा अर्ज अडकू शकतो, देशाबाहेर जाण्याची पाळीही येऊ शकते. या राज्यात २०१८ च्या कायद्यानंतर मोटार व्हेईकलच्या ऑफिसात लायसन्सच्या कामासोबतच मतदार नोंदणी होते, नको असेल तर तसं सांगावं लागतं. म्हणून मी प्रत्येकाला बजावते की खिडकीवर स्क्रीन समोर आली की नागरिकत्वाचा प्रश्न नीट वाचल्याशिवाय "येस" दाबायचं नाही. उत्साहाच्या भरात कोणाच्याही हातात फॉर्म देऊ नका. तुमची मदत एखाद्या कुटुंबाला फार महाग पडू शकते.

मतपत्रिका समजावणं हा दुसरा मोठा भाग. पूर्वी राज्यातल्या २१ पैकी १९ काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) "काउंटी लाइन" होती: पक्षाच्या स्थानिक नेत्यांनी पाठिंबा दिलेली सगळी नावं एकाच ओळीत किंवा रकान्यात, बाकीची इकडेतिकडे विखुरलेली. आपली माणसं वरून खाली एकेक खूण करत जायची. २०२४ मध्ये सेनेटच्या तिकिटासाठी उभे असलेले अँडी किम याविरुद्ध कोर्टात गेले, २९ मार्चला संघीय न्यायाधीशांनी अंतरिम आदेश दिला आणि त्या जूनमध्ये डेमोक्रॅटिक मतपत्रिका पदांप्रमाणे छापली गेली. २०२५ पासून दोन्ही पक्षांसाठी तीच पद्धत आली. आता प्रत्येक पदाची वेगळी चौकट असते आणि प्रत्येक ठिकाणी मतदाराला थांबून निवडावं लागतं. २०२५ मध्ये गव्हर्नरच्या तिकिटासाठी डेमोक्रॅटिक बाजूला सहा नावं होती, रिपब्लिकन बाजूला पाच. एवढी नावं केंद्रावर पहिल्यांदा बघितली की माणूस गोंधळतो. काउंटी क्लर्कच्या, म्हणजे मतपत्रिका छापणाऱ्या काउंटीच्या अधिकाऱ्याच्या, साइटवर नमुना मतपत्रिका येते, ती छापून घ्या आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून दाखवा. तळाशी काही वर्षी काउंटी कमिटीची, म्हणजे पक्षाच्या स्थानिक समितीची, जागा असते, तिच्याकडे कोणी बघत नाही. ती आपल्या चार गल्ल्यांपुरतीच असते, थोडक्या मतांत तिचा निकाल लागतो, आणि पक्षाचं स्थानिक काम तीच माणसं बघतात. मी तिथे मुद्दाम बोट ठेवते.

बोट ठेवते ते पदावर. नावावर कधीच नाही. मंडळ धर्मादाय संस्था असेल तर तिच्या टेबलावरून उमेदवाराचा प्रचार कायद्याने करता येत नाही. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. आपली माणसं विश्वासाने विचारतात, "तूच सांग गं, कोणाला देऊ?" त्या विश्वासाचा फायदा घ्यायचा नाही. प्रत्येक उमेदवाराने स्वतःबद्दल लिहिलेलं वाचून दाखवा, मालमत्ता कर, शाळा, ट्रेन यांवर कोण काय म्हणतं ते त्यांना शोधून द्या, आणि तिथेच थांबा.

पोस्टाने मत देणाऱ्यांच्या बाबतीत सगळा घोळ सहीचा होतो. ओळखीतल्या एका आजोबांनी नोंदणीच्या अर्जावर मराठीत सही केली होती, आयुष्यभर बँकेत करत आले तशीच, शेवटी लांब शेपटीची. टपाली मतपत्रिकेच्या लिफाफ्यावर मात्र "इथे इंग्रजीच चालत असेल" असं समजून त्यांनी इंग्रजीत नाव लिहिलं. आठवड्याभरात सही जुळत नसल्याचं पत्र आलं. ते पत्र त्यांनी जाहिरात समजून रद्दीत टाकलं होतं. सुनेने बाहेर काढलं म्हणून वाचलं. अशा मतदाराला चूक सुधारायची संधी द्यावीच लागते, पण सोबतचा फॉर्म मुदतीत भरून परत पाठवावा लागतो. तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारते, "नोंदणीत सही कुठल्या भाषेत केली होती?" आणि हेही सांगते की आतल्या लिफाफ्याला जोडलेली सहीची पट्टी फाडायची नाही. फाडण्यासारखी दिसते, म्हणून लोक फाडतात.

एकदा टपाली मतपत्रिका मागवली की केंद्रावर मशीनवर मत देता येत नाही, तिथे प्रोव्हिजनल, म्हणजे तपासणीनंतरच मोजली जाणारी, मतपत्रिका भरावी लागते. भरलेला लिफाफा केंद्रावर नेऊनही उपयोग नाही. तो पोस्टात नाहीतर काउंटीच्या ड्रॉप बॉक्समध्ये, म्हणजे त्यासाठीच ठेवलेल्या पेटीत, टाकायचा. आणि मदत करणाऱ्यांनो, चार घरांचे लिफाफे गोळा करून नेऊ नका. दुसऱ्यांचे तीनच लिफाफे नेता येतात, एकाच घरातल्या कुटुंबीयांचे असले तर पाच, आणि प्रत्येकावर नेणाऱ्याने स्वतःचं नाव लिहून सही करायची असते. ज्याला चालता येतं त्याला गाडीत बसवून ड्रॉप बॉक्सपर्यंत घेऊन जा, ते जास्त चांगलं.

अर्ली व्होटिंग, म्हणजे मतदानाच्या दिवसाआधी केंद्रावर जाऊन मत देणं, २०२५ मध्ये ३ ते ८ जून असं सहा दिवस होतं. ज्येष्ठांना मी तेव्हाच नेते, गर्दी कमी असते. त्यातल्या एका दिवशी आमच्या कॉलनीतल्या आजी माझ्यासोबत होत्या. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. लेक दुसऱ्या राज्यात राहते, म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं. दारावरच्या पोल वर्करने, म्हणजे केंद्रावरच्या कर्मचाऱ्याने, अडवलं, मशीनपाशी एकच माणूस जाईल म्हणाला. हा प्रसंग तुमच्यावरही येईल, म्हणून शब्द पाठ करून ठेवा: मतदान हक्क कायद्याचं कलम २०८. दिसत नसेल, वाचता येत नसेल किंवा अपंगत्व असेल, तर मतदार आपल्या पसंतीच्या माणसाला सोबत नेऊ शकतो. फक्त तो माणूस त्याचा मालक, मालकाचा माणूस किंवा युनियनचा प्रतिनिधी नसावा. आवाज न चढवता एवढं सांगितलं आणि वरिष्ठांना विचारा म्हटलं. ते आले, त्यांनी मान हलवली आणि आम्हाला आत सोडलं.

आजींनी टॅबलेटवर सही केली, मराठीत, नोंदणीत आहे तशीच. त्यांच्या हाताला कंप आहे, त्यामुळे वेळ लागला. मागे कोणी घाई केली नाही. मग मी एकेक पद वाचायला लागले. सगळी नावं एकाच वेगाने, एकाच आवाजात वाचायची हे ठरवलेलं होतं आणि ते वाटतं त्याहून अवघड असतं. ओळखीचं नाव आलं की आवाज आपोआप बदलतो. पहिली यादी संपल्यावर आजी म्हणाल्या, "परत वाच. मगाशी तिसऱ्यावर थांबलीस तू."

मी परत वाचली, पहिल्यापासून. या वेळी त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मग डोळे उघडून विचारलं, "पाचवं नाव कुठल्या ओळीत आहे?" मी ओळ दाखवली, दुसरं नाव कुठे आहे असं विचारल्यावर तेही दाखवलं, आणि त्यांनी स्वतःच्या बोटाने एका चौकटीवर दाबलं.