नॉरॅड ‘किती एमएलवर’ आहे, हा प्रश्नच चुकीचा आहे

आयसीयूत नव्याने आलेल्यांना नॉरॅड, म्हणजे पडलेलं बीपी वर आणणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन, कसं काम करतं हे माहीत असतं. अल्फा-1 रिसेप्टर, पेशीत वाढणारं कॅल्शियम, आवळणारी रक्तवाहिनी, जोडीला थोडा बीटा-1, हे सगळं परीक्षेत लिहून झालेलं असतं. गडबड होते ती सिरिंजमध्ये. सिरिंज पंपावर ताशी 4.5 एमएल दिसतंय म्हणजे पेशंटला किती जातंय, असं राउंडवर विचारलं की घशाला कोरड पडते. ती पडते म्हणून तुम्ही नालायक ठरत नाही. हे नीट बसवून कुणी शिकवतच नाही.

आधी अँप्यूल हातात घ्या आणि लेबल वाचा. आपल्याकडच्या नेहमीच्या 2 एमएलच्या अँप्यूलवर प्रत्येक एमएलमध्ये बायटार्ट्रेट 2 मिग्रॅ, म्हणजेच नॉरअ‍ॅड्रेनलिन 1 मिग्रॅ, असं लिहिलेलं असतं. बायटार्ट्रेट हा क्षार, आणि डोस मोजायचा तो बेसचा, म्हणजे त्या क्षारातल्या नुसत्या नॉरअ‍ॅड्रेनलिनचा. म्हणजे एका अँप्यूलमध्ये क्षार 4 मिग्रॅ, पण बेस फक्त 2 मिग्रॅ. सगळा सापळा इथेच आहे. ‘50 मध्ये 4 मिग्रॅ’ असं सांगितल्यावर एक जण एक अँप्यूल भरतो, दुसरा दोन भरतो, आणि दोघांचंही लेबल सारखंच दिसतं. रात्रीची सिरिंज एका अँप्यूलची, सकाळची दोनची, पंपाचा रेट तोच. दहा-पंधरा मिनिटांत बीपी 110 वरून 180 वर. पेशंट सुधारला असं वाटतं. सुधारलेला नसतो, त्याचा डोस दुप्पट झालेला असतो. उलटं झालं तर बीपी कोसळतं आणि सगळे नवा सेप्सिस (रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग) शोधत बसतात.

म्हणून हिशेब एकदा स्वतःच्या हाताने मांडा. दोन अँप्यूल, म्हणजे 4 एमएल औषध, अधिक 46 एमएल 5 टक्के डेक्स्ट्रोज: 50 एमएलमध्ये बेस 4 मिग्रॅ, 1 एमएलमध्ये 80 मायक्रोग्रॅम. 60 किलोच्या पेशंटला मिनिटाला किलोमागे 0.1 मायक्रोग्रॅम द्यायचं तर मिनिटाला 6, तासाला 360 मायक्रोग्रॅम. त्याला 80 ने भागा: ताशी 4.5 एमएल. ‘वजन गुणिले अमुक’वाले, म्हणजे पेशंटच्या वजनावरून सिरिंजमध्ये किती औषध भरायचं ते ठरवणारे, शॉर्टकट नॉरॅडसाठी वापरू नका, हे माझं ठाम मत आहे. त्यात प्रत्येक बेडची सिरिंज वेगळ्या ताकदीची होते आणि पहाटे चार वाजता ती कुणाच्याच लक्षात राहत नाही. अख्ख्या युनिटमध्ये एकच ताकद असावी. आणि जो सीनियर फोनवर नुसतं ‘पाचवर कर’ म्हणतो, त्याला न घाबरता विचारा: सर, कितीच्या सिरिंजचे पाच? डोस मिनिटाला किलोमागे 0.25 ते 0.5 मायक्रोग्रॅमच्या दरम्यान पोचल्यावर व्हॅसोप्रेसिन हे बीपी वाढवणारं दुसरं औषध मिनिटाला 0.03 युनिटने जोडायचं, हा निर्णयसुद्धा त्याच आकड्यावर उभा असतो. तो क्षाराचा धरला तर निर्णयच चुकतो.

दुसरी गोष्ट लाइनची. एक्स्टेंशनमध्ये, म्हणजे सिरिंजपासून पेशंटपर्यंतच्या नळीत, दीड एमएल मावतं असं धरा. ताशी 4.5 एमएलने तेवढं अंतर कापायला औषधाला 20 मिनिटं लागतात. नवी लाइन पेशंटच्या टोकापर्यंत औषधाने भरून न घेता जोडलीत, तर पंप चालू दिसतो आणि पेशंटला फक्त डेक्स्ट्रोज किंवा सलाइन जात राहतं. याउलट पंपाजवळच्या थ्री-वेमधून (तीन तोंडांच्या तोटीतून) कुणी अँटिबायोटिक ढकललं, तर लाइनमधलं 120 मायक्रोग्रॅम, म्हणजे 20 मिनिटांचं औषध, काही सेकंदांत आत जातं. नॉरॅडचं ल्युमेन, म्हणजे सेंट्रल लाइनमधली त्याची वाट, वेगळं ठेवा आणि त्यावर ‘फ्लश करू नये’ अशी पट्टी लावा. ते ल्युमेन मोकळं करायचंच असेल तर आधी आतलं औषध ओढून घ्या, मग फ्लश. सिरिंज बदलताना थ्री-वे आधी बंद करा. पंप उंचावर असेल आणि लाइन उघडी राहिली, तर औषध आपोआप खाली उतरतं.

एवढं होऊनही बीपी उसळलंच, तर धीर धरा. या औषधाचा अर्धायुकाल दोन-तीन मिनिटांचा आहे. रेट खाली आणा, बेडजवळच उभे राहा, बीपी उतरायला लागलं की रेट पुन्हा बसवा. घाईत बीपी उतरवणारं इंजेक्शन देऊ नका, पाच मिनिटांनी त्याचाच पश्चात्ताप होतो. पंप बंद करून दुसऱ्या बेडकडे तर मुळीच जाऊ नका.

सेंट्रल लाइनची, म्हणजे मोठ्या शिरेत घालायच्या नळीची, वाट बघत बीपी पडू देऊ नका. कोपराजवळच्या किंवा त्यावरच्या चांगल्या शिरेतून थोडा वेळ सुरू करता येतं, मात्र ती जागा सतत डोळ्यांसमोर हवी. कातडी पांढरी, गार पडली, म्हणजे औषध शिरेबाहेर गळत असेल, तर औषध थांबवा, पण कॅन्युला (शिरेतली छोटी नळी) उपटू नका. आधी त्यातूनच ओढून घ्या, मग आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं फेंटोलामाइन 5 ते 10 मिग्रॅ 10 एमएल सलाइनमध्ये करून आजूबाजूला टोचायचं असतं.

आणि लेबल असं लिहा: ‘नॉरअ‍ॅड्रेनलिन बेस 4 मिग्रॅ, 50 एमएलमध्ये, 80 मायक्रोग्रॅम प्रति एमएल, तारीख, वेळ, सही’. सिरिंजवरच्या एमएलच्या रेघा झाकल्या जाणार नाहीत असं चिकटवा. हँडओव्हर घेताना ते सिस्टरबरोबर मोठ्याने वाचा, पंपावरचा रेट त्याच्याशी ताडून बघा, आणि मगच आधीच्या ड्यूटीवाल्याला घरी सोडा.