जखमी घोड्याची शुश्रूषा: या चुका टाळा

आमच्या तुळजा घोडीला जुलैमध्ये इजा झाली. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात आमच्या पागेमागं एक उतार आहे, पावसात तो शेवाळतो. तिथं ती घसरली आणि पुढचा डावा पाय गंजक्या पत्र्यात गेला. गुडघ्याखाली नळीच्या मागची कातडी फाटली आणि आतली शीर (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, म्हणजे टेंडन) अर्धवट तुटली. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यातच ती पुन्हा नीट चालायला लागली. दुखणं एवढं लांबलं त्यात पत्र्याचा दोष निम्माच होता. बाकीचा आमच्या हातून झाला, आणि तो सगळा मायेपोटीच झाला. म्हणून हे लिहितोय.

पहिल्या तासात हळद-चुना

रक्त बघून घरातल्या कुणीतरी हळद आणली, कुणी चुना. दोन्ही जखमेत दाबलं. डॉक्टर आल्यावर त्यांचा पहिला अर्धा तास ते धुण्यात गेला. चुन्यानं उघडं मांस भाजतं आणि हळदीची पूड जखमेत कचरा होऊन बसते. मोरचूद, फिनेल, राख यांचंही तेच. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस छान दिसतो, पण नव्यानं भरणाऱ्या पेशीही तो मारतो.

करायचं एवढंच: घोड्याला जागेवर उभं ठेवा, चालवत घरी आणू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ जाड कापड दाबून धरा, वरून कापसाची गादी ठेवून बांधा. रक्त थांबलं असेल आणि जखम मळलेली असेल तर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात सपाट दीड चहाचा चमचा मीठ घालून हलकेच धुवा. मग डॉक्टरांना फोन. ओळखीचे डॉक्टर नसतील तर पशुसंवर्धन खात्याचा १९६२ हा क्रमांक आहे.

दोन गोष्टींत क्षणभरही थांबू नका. एक, जखम सांध्याजवळ असेल आणि त्यातून पिवळसर, चिकट, तार सुटणारं पाणी येत असेल. ते सांध्यातलं वंगण असतं. जखम बोटभर दिसली तरी सांधा सडला की घोडा हातचा जातो. दुसरी, खुरात खिळा घुसला असेल. शक्य असेल तर तो डॉक्टर येईपर्यंत तसाच ठेवा, म्हणजे तो कुठवर गेलाय हे त्यांना कळतं. घोडा त्यावर भार देत असेल आणि काढावाच लागला, तर जागा, दिशा आणि खोली लक्षात ठेवा, जमलं तर फोटो काढून ठेवा.

आणि धनुर्वाताचं इंजेक्शन त्याच दिवशी. धनुर्वाताचे जंतू लिदीत आणि पागेच्या मातीतच असतात, आणि घोड्याइतका त्याला बळी पडणारा प्राणी क्वचितच. डोळ्याच्या कोपऱ्यातला पांढरा पडदा वर येऊ लागला आणि अंग लाकडासारखं ताठ झालं की फार उशीर झालेला असतो.

दुखणं पूर्ण थांबवायची घाई

तुळजा लंगडायची ते बघवत नव्हतं. मी डॉक्टरांनी दिलेल्या फिनाइलब्युटाझोन या वेदनाशामक औषधाचा डोस एका रात्री स्वतःच वाढवला. हे कधीही करू नका. हे औषध जास्त झालं तर पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडाला धोका होतो, आणि घोडा पाणी कमी पीत असेल तर तो धोका आणखी वाढतो. शिवाय थोडं दुखणं त्याला पाय जपायला लावतं. दुखणं पार दाबलं की तो तुटक्या शिरेवर भार टाकतो. माणसांच्या औषधांच्या दुकानातून सुई आणून टोचण्याचा प्रकारही आपल्याकडं चालतो. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक तर जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, कारण ते औषध दिलेलं जनावर मेल्यावर त्याचं मांस खाऊन गिधाडं मरत होती.

तिसऱ्या आठवड्यात कळलेली गोष्ट: दुखऱ्या पायाइतकाच चांगला पाय बघा

मी रोज डावा पाय बघायचो. सूज किती उतरली, पट्टी कोरडी आहे का. उजवा पाय बघितलाच नाही. डॉक्टरांनी एके दिवशी उजव्या खुरावर तळहात ठेवला आणि माझा हात ओढून तिथं टेकवला. खूर गरम होतं. खुराच्या वर, मागच्या खळग्यात नाडी थडथड उडत होती.

घोडा एका पायाचा भार काढून घेतो तेव्हा तो भार जोडीच्या दुसऱ्या पायावर पडतो, तासन्‌तास, न हलता. खुरातलं रक्त फिरतं ठेवायला पाय अधूनमधून उचलला जावा लागतो. तसं झालं नाही की खुराच्या कवचाला आतल्या हाडाशी बांधून ठेवणारी पापुद्र्यांची वीण सुटू लागते. याला लॅमिनायटिस म्हणतात. अमेरिकेतली केंटकी डर्बी ही मोठी शर्यत २००६ मध्ये जिंकलेल्या बार्बारो या घोड्याचं हेच झालं. पुढच्याच शर्यतीत त्याचा मागचा उजवा पाय मोडला, प्लेट आणि स्क्रू घालून हाड जोडलं, हाड जुळतही आलं. पण मागच्या डाव्या खुरात लॅमिनायटिस झाला, आणि जानेवारी २००७ मध्ये त्याला शांतपणे निरोप द्यावा लागला. तिथं पैशाची आणि डॉक्टरांची कमी नव्हती, तरीही.

म्हणून पहिल्या दिवसापासून जाड अंथरूण घाला. आम्ही भाताचं पिंजार वीतभर घालतो, ओलं झालेलं रोज उचलतो. घोडा आडवा झाला तर घाबरून उठवू नका, उलट बरं वाटू द्या, तेवढाच पायांना आराम. अगाडी-पिछाडी (पुढच्या-मागच्या दोऱ्या) आवळून बांधू नका. हलू नये म्हणून आम्ही तिला आवळून बांधली होती, आणि त्यानंच उजव्या पायाचं नुकसान झालं. चांगल्या पायालाही आधाराची पट्टी बांधा. चारही खुरं रोज सकाळ-संध्याकाळ हातानं चाचपा.

चंदी (घोड्याचा दाणा) आणि गूळ

आजारी माणसाला आपण दूध-तूप देतो, तसं घरच्या आप्पांनी तुळजाच्या तोबऱ्यात (तोंडाला बांधायच्या दाण्याच्या पिशवीत) हरभरे वाढवले, वरून गुळाचा खडा. आपल्याकडं गूळ म्हणजे माया, हे मला कळतं. पण उभ्या घोड्याच्या अंगात जादा धान्य आणि साखर गेली की लॅमिनायटिसला तीच वाट. पोटशूळही त्यातूनच. घोड्याला उलटी करता येत नाही, त्याचं जठर अंगाच्या मानानं लहान असतं, म्हणून पोटात गडबड झाली की ती जिवावरच बेतते. काम बंद झालं त्याच दिवशी चंदी मोठ्या प्रमाणात कमी करा. उसाचं हिरवं वाडं बंद. वाळलेलं गवत मात्र सतत समोर हवं, साडेतीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला पाच ते सात किलो, थोडं थोडं करून. पाणी दिवसाला पंचवीस-तीस लिटर तरी जायला हवं.

लिदीचे ढीग मोजा. दिवसाला आठ ते बारा असतात. चार-पाचवर आले, किंवा घोडा वळून पोटाकडं बघू लागला, पायानं जमीन उकरू लागला, तर रात्र असली तरी डॉक्टरांना उठवा.

पट्टी आणि वाढलेलं मांस

गुडघ्याखाली घोड्याला स्नायू नाहीत, कातडीला सैलपणा नाही. त्यामुळं तिथली जखम कडेनं भरण्याआधी मधून मांस लालभडक बोंडासारखं वर येतं. तुळजाचंही आलं. मोरचूद लावून जाळू नका. डॉक्टर ते कापून सपाट करतात, त्या मांसात संवेदना नसते, पण रक्त खूप येतं. म्हणून ते काम त्यांचंच.

पट्टीखाली कापसाचा जाड, एकसारखा थर हवा. कापूस कमी आणि ताण जास्त झाला की पट्टीच शिरेला चेपते. बोट आत सरकायला हवं. कोल्हापूरच्या पावसात पट्टी बाहेरून कोरडी आणि आतून ओली राहते, म्हणून ती डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी बदलाच, आणि वास बदलला तर त्याआधीही. उघड्या जखमेवर माशी बसू देऊ नका, पावसाळ्यात दोन दिवसांत अळ्या होतात.

सूज उतरली म्हणजे शीर जुळली नाही

सर्वांत मोठी चूक हीच. दसऱ्याच्या सुमारास पाय थंड पडला, लंगडणं थांबलं. आप्पा म्हणाले, "बांधून का घातलायस तिला? चालू दे की, पाय मोकळा हुईल." मलाही तेच हवं होतं. पागेबाहेर नेलं, तर खुशीत तिनं लगाम हिसकला आणि वीस पावलं चौखूर उधळली. संध्याकाळी नळीच्या मागं पुन्हा गरम गाठ.

शीर भरून यायला नऊ ते बारा महिने लागतात. सूज आणि कळ मात्र काही आठवड्यांतच जाते, कारण सूज उतरणं आणि शीर जुळणं हे दोन्ही वेगळं असतं. मधल्या काळात शिरेच्या जागी जो नवा धागा येतो तो कच्चा आणि मूळच्यापेक्षा कमी लवचिक असतो, त्याला योग्य दिशा लागते ती हळू वाढवलेल्या चालीनं. आमचा क्रम असा होता: डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर हातात धरून पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, सपाट घट्ट जमिनीवर. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढ. दोन-तीन महिन्यांनी अल्ट्रासाउंड, त्यात शीर दिसते आणि अंदाज संपतो. आपल्या गावात सोय नसेल तर पुण्याच्या वाटेवर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिकडं न्यायचं का हे डॉक्टरांना विचारा. त्याआधी रंकाळा तलावावर गर्दीत, मुलांना पाठीवर बसवून नेऊ नका. घोडा चालायला आतुर दिसतो, पण शिरेची हालत त्याला समजत नाही.

एकटा घोडा कोंडलेला झुरतो, भिंतीला लाकूड असलं तर कुरतडतो. तुळजासमोर आम्ही शेजारची शेळी बांधली. रोज तासभर खरारा केला.

नालबंदाला मात्र विसरलो होतो. काम नाही तर नाल कशाला, असं वाटतं. पण खूर महिन्याला सेंटिमीटरभर वाढतच राहतं, पुढचं टोक लांबलं की प्रत्येक पावलाला त्याच दुखऱ्या शिरेवर ताण. पाच-सहा आठवड्यांनी त्याला बोलवा, आणि डॉक्टर असताना बोलावता आलं तर आणखी बरं.