सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) वाफ्यातून मांजरं कशी हटवली

प्रतापनगरात आमच्या घरामागे छोटं अंगण आहे. तिथं सांबार, पालक पेरला की दुसऱ्या दिवशी वाफा उकरलेला, बी वर आलेलं आणि कोपऱ्यात घाण. मांजराला भुसभुशीत, कोरडी माती लागते. नुकताच पेरलेला वाफा म्हणजे त्याच्यासाठी आयती जागा.

संत्र्याची सालं टाकून पाहिली. ताजी असेपर्यंत वासाने मांजर बिचकतं, पण आपल्या उन्हात ती लगेच वाळतात आणि मग काही उपयोग नाही. फिनाईल किंवा डांबराच्या गोळ्या मात्र कोणीही टाकू नका. मांजर पंजे चाटतं, ते पोटात जातं आणि जीवावर बेततं. मुक्या जिवाला असा त्रास देणं मला पटत नाही.

खरा फरक पडला तो जाळीने. हार्डवेअरच्या दुकानातून कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी आणली, पेरणीनंतर मातीवर सपाट अंथरली, कडा विटांनी दाबल्या. रोपं भोकांतून आरामात वर येतात, पंजाला मात्र उकरता येत नाही. कुंड्यांत गोटे पसरले. माती ओलसर ठेवली.

जुनी घाण हातमोजे घालून रोज उचलायची, नाहीतर वासाने मांजर परत तिथंच येतं. तिच्यातून टोक्सोप्लाझ्मा या परजीवी जंतूचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून गरोदर बाईला हे काम देऊ नका.

शेजारच्या काकू मांजरांना दूध-पोळी घालतात. त्यांच्याशी बोलून त्यांच्याच कुंपणाशी रेतीचं घमेलं ठेवलंय. आता नसबंदीसाठी दोघी मिळून डॉक्टरांकडे नेणार आहोत.