ठसका लागला की ‘वर बघ’ म्हणू नका: गिळण्याचा त्रास घरी कसा सांभाळावा

जेवताना कोणाला ठसका लागला की आपल्या घरांत तीन गोष्टी आपोआप घडतात. एक जण ‘वर बघ, वर बघ’ म्हणत टाळूवर थोपटतो, दुसरा पाण्याचा ग्लास पुढे करतो आणि आजी म्हणते की कोणीतरी आठवण काढली असेल. धडधाकट माणसाचे यातल्या कशानेही फारसे बिघडत नाही. परंतु लकवा होऊन गेलेल्या, पार्किन्सन (कंपवात) असलेल्या किंवा तोंडाच्या कर्करोगासाठी शेक (किरणोपचार) घेतलेल्या माणसाच्या बाबतीत पहिल्या दोन गोष्टी घातक ठरू शकतात. मान मागे टाकली की श्वासनलिकेकडे जाणारी वाट अधिक मोकळी होते, आणि पाणी हा तर अशा माणसासाठी गिळायला सर्वांत अवघड पदार्थ असतो.

हे आम्हांला उशिरा कळले. माझ्या वडिलांना लकव्यानंतर नागपुरातील एका रुग्णालयातून घरी सोडले, तेव्हा हातात दिलेल्या कागदावर रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, हातापायांचे व्यायाम होते. गिळण्याविषयी मात्र एक ओळही नव्हती. घरी आल्यावर त्यांना फारसा ठसकाही लागत नव्हता, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. चौथ्या दिवशी ताप चढला आणि छातीच्या एक्स-रेमध्ये न्यूमोनिया निघाला. चहा दररोज थोडाथोडा फुफ्फुसात उतरत होता आणि खोकून तो बाहेर काढण्याची जाणीवच घशात उरलेली नव्हती.

पाणीच का अवघड?

घास चावून जिभेने मागे ढकलेपर्यंतचे काम आपल्या इच्छेने चालते. त्यानंतर सुमारे एका सेकंदात जे घडते ते मेंदूच्या आज्ञेने आपोआप घडते: तोंडातील टाळूचा मागचा मऊ भाग वर जाऊन नाकाची वाट बंद करतो, स्वरयंत्र वर आणि पुढे सरकते, स्वररज्जू मिटतात, श्वास क्षणभर थांबतो, आणि अन्ननलिकेचे तोंड उघडून घास आत शिरतो. गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळल्यास कंठमणी वर जाऊन खाली येताना जाणवतो. स्वरयंत्राची हीच उचल. लकव्यानंतर ही साखळी अर्ध्या सेकंदाने जरी उशिरा सुरू झाली, तरी पाण्यासारखा वेगाने पसरणारा पदार्थ तोवर उघड्या श्वासनलिकेच्या दाराशी पोहोचलेला असतो. घट्ट पदार्थ सावकाश सरकतो आणि घशाला दार लावायला वेळ देतो. पेय घट्ट करून देण्यामागचे कारण एवढेच आहे.

काय पाहायचे, कोणाकडे जायचे

केवळ खोकल्यावर विसंबून राहू नये. जेवणानंतर आवाज ओलसर, घुरघुरल्यासारखा होणे, सतत घसा खाकरणे, गालात घास साठून राहणे, नाकातून पाणी परत येणे, पूर्वी पंधरा मिनिटांत संपणाऱ्या जेवणाला पाऊण तास लागणे, कपडे सैल होऊ लागणे आणि कारण न सापडता वारंवार ताप येणे, ही सारी गिळण्याच्या बिघाडाची लक्षणे असू शकतात.

त्रास नेमका कशाने होतो हेही नीट सांगता आले पाहिजे, कारण डॉक्टरांची दिशा त्यावरून ठरते. पातळ पदार्थांनी लगेच ठसका लागत असेल तर दोष बहुधा घशाच्या स्नायूंत किंवा मज्जातंतूंत असतो. आधी पोळी अडकू लागली, मग भात, आणि काही आठवड्यांनी पाणीही उतरेना, असा क्रम असेल तर अन्ननलिका अरुंद होत चालली आहे असे समजावे आणि दुर्बिणीची तपासणी लांबणीवर टाकू नये. वजनही घटत असेल तर मुळीच नाही. घन आणि पातळ दोन्ही पहिल्यापासून छातीत थबकत असतील तर अन्ननलिकेच्या हालचालीत बिघाड असू शकतो.

आपल्या भागात आणखी एक कारण विसरून चालणार नाही. खर्र्यातील (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेल्या मिश्रणातील) सुपारीमुळे तोंडाच्या आतले अस्तर कडक होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात सहज मावत नसतील तर ती वेळ दंतवैद्याकडे किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाण्याची असते. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली, पानठेल्यावर खर्रा घोटला जाणे मात्र थांबलेले नाही, हे नागपूरकरांना सांगायला नको.

नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, मेयो रुग्णालय किंवा मिहानमधील एम्स यांच्या कान-नाक-घसा विभागापासून सुरुवात करता येते. कर्करोगाच्या उपचारांनंतरचा त्रास असेल तर जिथे उपचार झाले तिथेच, म्हणजे तुकडोजी कर्करोग रुग्णालय, जामठ्याची कर्करोग संस्था किंवा जे असेल ते, आधी विचारावे. गिळण्याचे मूल्यमापन आणि शिकवणी हे स्पीच थेरपिस्टचे काम आहे, हे ऐकून अनेकांना नवल वाटते, कारण बोलण्याचा आणि गिळण्याचा संबंध चटकन लक्षात येत नाही. पण अवयव तेच आहेत. थेरपिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा. गरज पडल्यास बेरियम (एक्स-रेत उठून दिसणारा पदार्थ) मिसळलेले घास गिळताना एक्स-रेची चलचित्रे घेतली जातात, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहिला जातो. न खोकता फुफ्फुसात उतरणारे अन्न खात्रीने दिसते ते याच तपासण्यांत. घरी बसून ते ओळखता येत नाही.

घट्टपणा मोजायचा कसा

‘थोडे घट्ट करून द्या’ हा सल्ला निरुपयोगी आहे, कारण थोडे म्हणजे किती ते प्रत्येकाचे वेगळे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या आयडीडीएसआय या आंतरराष्ट्रीय उपक्रमाने शून्य ते सात अशा पायऱ्या ठरवल्या आहेत: शून्य ते चार पेयांसाठी, तीन ते सात अन्नासाठी. थेरपिस्टकडून आपल्या रुग्णाची पायरी आकड्यात लिहून घ्यावी.

पेयाची पायरी घरी तपासण्यासाठी सुई काढलेली १० मिलीची साधी सिरिंज पुरते. फक्त शून्यापासून १० च्या खुणेपर्यंतची लांबी ६१.५ मिमी असावी, कारण सर्व सिरिंज सारख्या नसतात. दट्ट्या काढून टाकावा, खालचे तोंड बोटाने बंद करून १० च्या खुणेपर्यंत पेय भरावे, बोट काढून दहा सेकंद मोजावे आणि पुन्हा बंद करावे. आत १ मिलीपेक्षा कमी उरले तर पायरी शून्य, १ ते ४ उरले तर एक, ४ ते ८ उरले तर दोन, ८ पेक्षा जास्त उरले तर तीन. आणि मुळीच गळले नाही तर चार, जे चमच्यानेच द्यायचे. आमच्या ओट्यावर ही सिरिंज चहाच्या गाळणीशेजारी उभी असे. घरचे ताक पाण्याच्या प्रमाणानुसार रोज वेगळे निघते आणि गरम असताना पातळ वाटलेले सूप गार झाल्यावर पायरी चढते, हे तिच्यामुळेच कळले. म्हणून ज्या तापमानाला द्यायचे त्याच तापमानाला मोजावे.

घट्ट करण्यासाठी झॅन्थन गमची तयार पावडर मिळते. ती पाण्यावर एकदम ओतल्यास गुठळ्या होतात; पाणी ढवळत राहून थोडीथोडी भुरभुरावी आणि डब्यावर दिलेला वेळ थांबून मगच मोजावे. आरारूट किंवा मक्याच्या पिठाने दाटवलेले पेय लाळेच्या संपर्काने पुन्हा पातळ होऊ लागते, त्यामुळे उष्टा चमचा पुन्हा भांड्यात बुडवू नये.

मात्र घट्ट पेय हे सर्वांवरचे औषध नव्हे. काहींच्या घशात दाट पदार्थ चिकटून उरतो आणि नंतर श्वासनलिकेत घरंगळतो, म्हणून तपासणीवाचून स्वतःच्या मनाने ते सुरू करू नये. दुसरी अडचण नागपूरच्या उन्हाळ्यात प्रकर्षाने जाणवते: घट्ट पाण्याने तहान भागल्यासारखी वाटत नाही आणि रुग्ण कमी पितो. पारा ४५ अंशांवर असताना हे धोक्याचे आहे. आम्ही सकाळीच दिवसभराचे पाणी दोन बाटल्यांत मोजून ठेवत असू आणि कैरीचे पन्हे, गाळलेला संत्र्याचा रस, ताक अशी चव बदलत दर तासाला थोडे देत असू. लघवी गडद पिवळी झाली किंवा रुग्ण गुंगीत दिसू लागला तर डॉक्टरांना कळवावे. कुल्फी आणि बर्फाचा गोळा तोंडात विरघळून पाणीच होतात, तेव्हा पातळ पेय बंद असलेल्या माणसासाठी तेही बंदच असतात; वडिलांना ही गोष्ट पाण्यापेक्षा जास्त लागली.

ताटात काय वाढावे

ज्या पदार्थात घन आणि पातळ एकाच वेळी तोंडात येतात तो सर्वांत फसवा. तर्री पोहे हे याचे ठळक उदाहरण आहे: कोरडे पोहे घशात चिकटतात, पातळ तर्री त्यांच्या पुढे पळते, टणक हरभरा चावावा लागतो आणि वरचा चिवडा कुरकुरीत, एका घासात चार वेगवेगळे वेग. संत्र्याची फोडही तशीच, चावताच रस मागे जातो आणि चोथा तोंडात राहतो. दुधात कुस्करलेली पोळी मऊ दिसते, पण दूध सुटे वाहते.

त्याउलट मुगाची डाळ आणि तांदूळ जास्त पाण्यात शिजवून, रवीने एकजीव होईपर्यंत घोटून, वर तूप घातलेली खिचडी बहुतेक पायऱ्यांवर बसवता येते. ताटात तिच्याभोवती पाणी सुटलेले दिसू नये. पिठले चालते, कोरडा झुणका नाही. सावजीचा रस्सा हवाच असेल तर तिखट कमी करून, गाळून, मोजलेल्या घट्टपणाचा करून भातात पूर्ण मुरवावा, वेगळा वाटीत देऊ नये. पाचव्या पायरीवर मोठ्या माणसासाठी अन्नाचे कण ४ मिमीपेक्षा मोठे नसावेत. साध्या काट्याच्या दोन दातांमधील फट साधारण तेवढीच असते. सहाव्या पायरीवर तुकडा दीड सेंटिमीटरपर्यंत चालतो, पण काट्याने अंगठ्याचे नख पांढरे पडेपर्यंत दाबल्यावर तो चेपला गेला पाहिजे आणि पुन्हा फुगता कामा नये. साबुदाणा, शेंगदाणे आणि चिकट लाडू टाळावेत.

भरवताना

रुग्ण पूर्ण जागा असल्याशिवाय भरवू नये. त्याला खुर्चीत ताठ बसवावे, पाय टेकलेले असावेत, आणि भरवणाऱ्याने त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसावे. उभे राहून भरवले की रुग्ण नकळत मान वर करतो. चहाचा लहान चमचा अर्धाच भरावा. कंठमणी वर जाऊन खाली आल्याशिवाय पुढचा घास देऊ नये. मधूनमधून ‘आ’ म्हणायला लावावे, आवाज ओलसर आला तर थांबून खोकायला व पुन्हा गिळायला सांगावे. टीव्ही बंद ठेवावा, गप्पा नंतर माराव्यात. हनुवटी छातीकडे झुकवणे किंवा दुबळ्या बाजूकडे मान वळवून गिळणे यांचा काहींना फार उपयोग होतो आणि काहींना उलट त्रास होतो, म्हणून हे थेरपिस्टने सांगितले तरच करावे. गिळण्याचे व्यायामही व्हिडिओ पाहून करू नयेत.

जेवणानंतर गालातील उरलेसुरले अन्न पाहावे, दात व जीभ घासावी, कवळी काढून धुवावी आणि किमान अर्धा तास आडवे करू नये. तोंडाची स्वच्छता ही इथे शिष्टाचाराची बाब नाही. लाळेबरोबर जंतू फुफ्फुसात उतरतात आणि स्वच्छ तोंडामुळे न्यूमोनियाचा धोका घटतो. अन्न देण्यासाठी नाकातून पोटात नळी घातलेल्या रुग्णालाही हे लागू आहे, कारण नळीने लाळ थांबत नाही. नळी म्हणजे हार असे मानून ती नाकारणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. पोट आणि औषधे यांची सोय होत असताना घशाला सावरायला मिळणारा तो अवधी असतो. नळी चार आठवड्यांहून जास्त लागणार असेल तर पोटातून थेट नळी घालण्याविषयी डॉक्टर बोलतात.

गोळ्या कुटून देण्यापूर्वी औषध दुकानदाराला किंवा डॉक्टरांना विचारावे, कारण सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्यास पूर्ण मात्रा एकदम शरीरात जाते.

घास अडकलाच तर

रुग्ण जोराने खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. पाणी देऊ नये, तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये. आवाज फुटत नसेल, खोकता येत नसेल, चेहरा निळसर पडत असेल तर त्याला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा माराव्यात. घास निघाला नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर पाच वेळा दाब द्यावा, आणि हे आलटूनपालटून चालू ठेवताना दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. एक वर्षाखालील बाळाच्या पोटावर असा दाब देऊ नये. त्याच्या पाठीवर थापा आणि छातीवर एका तळहाताच्या टाचेने दाब द्यावा. शुद्ध हरपल्यास आडवे करून छातीवर दाब सुरू करावेत.

लकव्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत अनेकांचे गिळणे बरेच सुधारते, त्यामुळे एकदा ठरवलेली पायरी कायमची धरून बसू नये आणि स्वतःच्या मनाने बदलूही नये. फेरतपासणीला जाताना वही न्यावी: रोज किती मिली पाणी गेले, जेवणाला किती मिनिटे लागली, कोणत्या पदार्थाने खोकला आला, ताप कधी आला, दर आठवड्याचे वजन किती. आमच्या वहीतली सलग तीन आठवड्यांची ताप नसलेली पाने पाहून थेरपिस्टने पुन्हा चाचणी घेतली, आणि वडिलांना दिवसातून एकदा, ताठ बसून, चमच्याचमच्याने, अर्धा कप पातळ चहा मिळू लागला.